वॉर्डातले पहिले महिने: मेडिसिन-सर्जरी वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्या स्टाफ नर्ससाठी

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून पहिल्यांदाच मेल सर्जिकल, फिमेल मेडिकल अशा वॉर्डात लागलेल्या सिस्टर आणि ब्रदर यांच्यासाठी हे लिहिते आहे. कॉलेजात एका रुग्णाची केस स्टडी करायला कितीतरी दिवस मिळायचे. इथे सकाळी ओव्हर (आधीच्या ड्युटीच्या सिस्टरकडून रुग्णांचा ताबा आणि माहिती) घेतला की दहा-पंधरा रुग्ण एकदम तुमचे होतात, आणि सरकारी रुग्णालयात रात्री एका सिस्टरकडे तीसच्या वर खाटा असणं नवीन नाही. त्या गर्दीत पुस्तकातलं सगळं आठवणार नाही. एक गोष्ट मात्र सवयीची करून घ्या: केस पेपरवर जे लिहिलंय आणि खाटेवर जो माणूस आहे ते जुळतंय का, हे हात लावण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. वॉर्डात मी पाहिलेल्या बहुतेक चुका हे बघणं घाईत राहिल्यामुळे झाल्या. हात चांगले असलेल्या माणसांकडूनही झाल्या.

खालचे आकडे प्रौढ रुग्णांचे आणि सर्वसाधारण वापरातले आहेत. तुमच्या हॉस्पिटलचा लेखी प्रोटोकॉल वेगळा असेल तर तोच पाळा. डोसबद्दल शंका असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१. रुजू होण्याआधी काय जवळ हवं

कागदपत्रं:
- महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र. नूतनीकरणाची तारीख उलटलेली नाही ना, हे आधी बघा.
- गुणपत्रिका, पदविका किंवा पदवीचं प्रमाणपत्र, ओळखपत्र, फोटो.
- हिपॅटायटिस बी लसीची नोंद. तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. ते पूर्ण झाल्यावर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लस लागू पडली का, हे सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. तो १० च्या वर हवा. हे हॉस्पिटल सांगेल म्हणून थांबू नका.

खिशात: सेकंद काटा असलेलं घड्याळ, दोन पेनं, एक जाड मार्कर, छोटी टॉर्च, बोथट टोकाची कात्री आणि खिशात मावेल अशी वही. वहीत रुग्णाचं नाव लिहिलं असेल तर ती वॉर्डाबाहेर नेऊ नका. जखमेचा किंवा केस पेपरचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढू नका, कोणी पाठवायला सांगितलं तरी. हॉस्पिटलची ठरलेली व्यवस्था असेल तर तीच वापरा.

२. पहिल्या दिवशी वॉर्ड पाहून घ्या

रुग्णांची ओळख होण्याआधी इमर्जन्सी ट्रॉलीची ओळख करून घ्या. ड्रॉवर उघडा. अ‍ॅड्रिनालिन, अ‍ॅट्रोपिन, २५ टक्के डेक्स्ट्रोज कुठे आहे, अँबू बॅगला मास्क लागलेला आहे का, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, सक्शन सुरू केल्यावर खरंच ओढतं का, हे हाताने करून बघा. ऑक्सिजन सिलिंडर असेल तर त्याची चावी त्यालाच बांधलेली हवी. रात्री तीन वाजता चावी शोधत फिरण्याइतकी वाईट वेळ नाही. सिलिंडरचा काटा किती दाखवतो तेही प्रत्येक ड्युटीला बघा.

मग फोन नंबर: आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), भूलतज्ज्ञ, ब्लड बँक, लॅब, आयसीयू, इनचार्ज सिस्टर. कार्डिअ‍ॅक अरेस्टला कोणता नंबर फिरवायचा, हे वॉर्डातल्या मावशी आणि मामांनाही माहीत असतं. त्यांना विचारायला संकोचू नका. वॉर्ड कसा चालतो, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

३. ओव्हर खाटेजवळ उभं राहून घ्या

टेबलाशी बसून रजिस्टर वाचून घेतलेला ओव्हर अर्धाच असतो. जाणाऱ्या सिस्टरबरोबर एकेका खाटेपर्यंत जा. दोघींनी मिळून बघायच्या गोष्टी: रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास कसा आहे, कोणतं सलाईन चाललंय आणि किती उरलंय, इंट्राकॅथची (शिरेतल्या नळीची) जागा लाल किंवा सुजलेली आहे का, ड्रेनमध्ये आणि युरोबॅगमध्ये किती आहे, ऑक्सिजन किती लिटरवर आहे, ड्रेसिंग ओलं आहे का.

त्यानंतर राहिलेली कामं विचारा. कोणाचा रिपोर्ट यायचा आहे, कोणाला एनबीएम (तोंडाने काही न देता उपाशी) ठेवलंय, कोणता डोस चुकला किंवा मुद्दाम थांबवला, कोणाला ब्लड चढायचं आहे. "बाकी सगळं ठीक" असं ऐकलं तर पुढे विचारा, "सगळ्यात काळजीचा पेशंट कोणता?" हा प्रश्न मी प्रत्येक ओव्हरला विचारते. रजिस्टरमध्ये न आलेली माहिती याच्या उत्तरात निघते. ओव्हर संपला की त्या रुग्णाकडे सगळ्यात आधी जा.

४. नाव विचारा, नाव सांगू नका

"तुम्हीच पाटील ना?" असं विचारलं की ऐकू कमी येणारे आजोबा हमखास मान डोलावतात. "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारा आणि ते मनगटावरच्या पट्टीशी आणि केस पेपरवरच्या आयपी (भरती) नंबरशी जुळवा. खाटेच्या नंबरावर भरवसा ठेवू नका. पंख्याखाली खाट मोकळी झाली की रुग्ण तिकडे सरकतो, कधी नातेवाईकच खाट बदलून घेतात. कोल्हापूर-सांगलीकडे एका वॉर्डात तीन पाटील आणि त्यात दोन बाळासाहेब असले तर आश्चर्य नको. अशा वेळी दोन्ही फायलींवर मार्करने "एकाच नावाचे रुग्ण" असं ठळक लिहा आणि त्यांच्या खाटा शेजारी शेजारी ठेवू नका.

रुग्ण बेशुद्ध असेल किंवा बोलत नसेल तर पट्टी बघा. पट्टी नसेल तर नातेवाइकाकडून नाव विचारून खात्री करा आणि नवी पट्टी बांधा. रक्ताचा नमुना घेताना ट्यूबवर नाव खाटेजवळच, नमुना घेतल्या घेतल्या लिहा. टेबलावर जाऊन चार ट्यूबवर चार नावं लिहिणं म्हणजे चुकीच्या गटाच्या रक्ताला वाट करून देणं.

५. औषधं: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

योग्य रुग्ण, औषध, डोस, मार्ग, वेळ हे कॉलेजातच पाठ झालेलं असतं. ते पाठ असूनही काही ठराविक जागी पाय घसरतो. त्या जागा सांगते.

भरलेली सिरिंज. जे इंजेक्शन तुम्ही भरलं ते तुम्हीच द्या, आणि लगेच द्या. अख्ख्या वॉर्डाच्या सिरिंजा एका ट्रेमध्ये भरून निघण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते, कारण त्याने वेळ वाचतो. नावाची चिठ्ठी नसलेली पारदर्शक सिरिंज कशाची आहे, हे मध्येच कोणी हाक मारली की भरणाऱ्यालाही सांगता येत नाही. प्रत्येक सिरिंजवर रुग्णाचं नाव, औषध, डोस आणि वेळ लिहिलेली हवी. चिठ्ठी नसेल तर ती टाकून द्या, कितीही महाग असली तरी.

सारखी नावं, सारख्या बाटल्या. डोपामिन आणि डोब्युटामिन ही जोडी नावाने फसवते. अ‍ॅट्रोपिन आणि अ‍ॅड्रिनालिनच्या लहान काचेच्या अ‍ॅम्प्युल हातात एकसारख्याच लागतात. ब्रँडची नावं तर पुरवठादार बदलला की बदलतात. अ‍ॅम्प्युल उचलताना, भरताना आणि टाकताना, तिन्ही वेळा लेबल वाचा.

अ‍ॅलर्जी. "अ‍ॅलर्जी आहे का?" याला बहुतेक जण "नाही" म्हणतात. "आजवर कोणत्या गोळीने किंवा सुईने अंगावर गांधी आल्या, ओठ सुजले, दम लागला असं झालंय का?" असं विचारा. उत्तर "हो" आलं तर फायलीवर लाल पेनाने लिहा. अँटिबायोटिकचा पहिला डोस दिल्यावर थोडा वेळ खाटेजवळच थांबा. अंगावर उमटून दम लागू लागला किंवा बीपी पडलं तर आधी इंजेक्शन बंद करा, मदतीला हाक मारा आणि अ‍ॅड्रिनालिन पुढे आणा. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये (अशा जीवघेण्या रिअ‍ॅक्शनमध्ये) प्रौढांना ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति मिलीच्या अ‍ॅम्प्युलमधलं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात. हा तुमच्या वॉर्डाचा लेखी प्रोटोकॉल आहे का, ते पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

इन्सुलिन. आपल्याकडे इन्सुलिनच्या व्हायल बहुतेक ४० युनिट प्रति मिलीच्या असतात, पेनमधल्या कार्ट्रिज १०० युनिट प्रति मिलीच्या. सिरिंजाही दोन: लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. यांची अदलाबदल झाली तर काय होतं बघा. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं तर रुग्णाला २५ युनिट जातात. उलट ४० चं इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये १० पर्यंत भरलं तर जेमतेम ४ युनिट मिळतात. म्हणून व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकमेकांशेजारी धरून वाचा. कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढू नका. साध्या २ मिलीच्या सिरिंजने इन्सुलिन देऊ नका.

इन्सुलिन देण्याआधी जेवण आलंय का, ते बघा. डबा यायला उशीर, रुग्णाला मळमळ, नाहीतर सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलेलं, आणि इकडे ठरल्या वेळेला इन्सुलिन देऊन मोकळं: हायपोग्लायसेमियाची वॉर्डातली नेहमीची वाट हीच. एचजीटी (बोटातल्या थेंबावर तपासलेली रक्तातली साखर) ७० च्या खाली आली आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडातून काहीही घालू नका. २५ टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून लागेल. १०० मिलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की डायबिटिस नसलेल्या रुग्णाचीही एचजीटी करा.

पोटॅशियम क्लोराइड. १० मिलीच्या अ‍ॅम्प्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. हे थेट शिरेत कधीही द्यायचं नाही, कोणीही सांगितलं तरी नाही, हृदय थांबतं. हातातल्या शिरेतून देताना ५०० मिलीच्या पाइंटमध्ये एक अ‍ॅम्प्युल आणि तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त वेग नाही, म्हणजे तो पाइंट दोन तासांच्या आत संपता कामा नये. टांगलेल्या बाटलीत वरून टोचून तशीच सोडली तर पोटॅशियम तळाशी बसतं आणि सुरुवातीलाच एकदम जातं. बाटली काढा, औषध घाला, उलटसुलट करून नीट मिसळा, लेबल लावा, मग टांगा. आणि त्याआधी युरिन होतंय ना, ते बघा. पोटॅशियमच्या अ‍ॅम्प्युल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवलेल्या दिसल्या तर त्याच दिवशी इनचार्ज सिस्टरना सांगून जागा बदलून घ्या.

हेपॅरिन. ५ मिलीच्या व्हायल दोन ताकदींच्या येतात: एकीत एकूण ५,००० युनिट, दुसरीत २५,०००. पाचपट फरक. हेपॅरिन, इन्सुलिन, पोटॅशियम आणि इनोट्रोप (हृदयाचा जोर वाढवणारी औषधं) यांचा हिशेब दुसऱ्या सिस्टरकडून स्वतंत्र करून घ्या. तुमचं उत्तर तिला आधी सांगू नका, नाहीतर ती नुसती मान डोलावेल.

आणखी काही गोष्टी वहीत लिहून ठेवा. फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाईनमध्ये. डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा साका होतो, आणि वेग मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आरएलबरोबर (रिंगर लॅक्टेट सलाईनबरोबर) एकाच लाइनमधून चालवायचं नाही, मध्ये नॉर्मल सलाईनने लाइन फ्लश करायची. व्हॅन्कोमायसिनचा १ ग्रॅम निदान तासभर चालू द्यायचा, घाई केली तर अंग लालबुंद होतं. डिगॉक्सिनआधी पूर्ण मिनिटभर पल्स मोजायची. ६० च्या खाली असेल तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं. आरटीमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) देताना एसआर (हळूहळू सुटणाऱ्या) किंवा एंटेरिक कोटेड (आतड्यात विरघळणारं वेष्टन असलेल्या) गोळ्या कुटायच्या नाहीत, पर्यायी औषध मागायचं.

सलाईनचा वेग. साध्या सेटमधून बहुधा २० थेंबांचा १ मिली होतो, मायक्रो सेटमधून ६० थेंबांचा. पाकिटावरचा आकडा बघूनच हिशेब करा. ५०० मिली सहा तासांत द्यायचे असतील तर ५०० गुणिले २०, भागिले ३६० मिनिटं, म्हणजे मिनिटाला २८ थेंब. बाटलीवर पट्टी चिकटवून सुरू केल्याची वेळ आणि दर तासाची पातळी लिहा. रुग्ण बाथरूमला जाऊन आला की थेंब पुन्हा मोजा. वेग बदललेला असतोच, शिवाय नातेवाईक "लवकर संपू दे" म्हणून चाक फिरवतात.

औषध दिलं नाही तर चार्टवर गोल करून कारण लिहा. रिकामी चौकट पाहून पुढची सिस्टर दुसरा डोस देऊ शकते.

६. टीपीआर (ताप, पल्स, श्वास) म्हणजे चौकटी भरणं नव्हे

कोणत्याही वॉर्डाचे जुने चार्ट काढून बघा. श्वासाच्या रकान्यात खालपर्यंत २०, २०, २० दिसेल. श्वास मोजायला मिनिट लागतं, म्हणून तो मोजला जात नाही. पण प्रकृती ढासळू लागली की सगळ्यात आधी बहुधा श्वासच वाढतो, बीपी फार उशिरा पडतं. पल्स मोजून झाली की मनगट तसंच धरून ठेवा आणि छातीकडे बघत पूर्ण मिनिट श्वास मोजा. रुग्णाला कळलं की आपला श्वास मोजताहेत, तर तो बदलतो.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारून दिलेला न्यूज-२ स्कोअर शिकून घ्या. श्वास, ऑक्सिजन सॅच्युरेशन, ऑक्सिजन चालू आहे का, वरचं बीपी, पल्स, शुद्ध आणि ताप यांना गुण देऊन बेरीज करायची. बेरीज ५ झाली तर तातडीने डॉक्टर, ७ किंवा जास्त झाली तर इमर्जन्सी. तुमच्या हॉस्पिटलात हा वापरत नसतील तरी मनातल्या मनात करता येतो, आणि "पेशंट बरा वाटत नाही" या तुमच्या शंकेला आकड्याचा आधार मिळतो. सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) रुग्णाचं सॅच्युरेशन मात्र ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात. ९८ दिसावं म्हणून ऑक्सिजन वाढवत नेऊ नका.

युरिन वजनाच्या किलोमागे तासाला अर्धा मिली हवं. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिली. युरोबॅग रिकामी करताना मामांना "मोजून सांगा" असं आधीच सांगून ठेवा, नाहीतर रात्रभराचा हिशेब बाथरूममध्ये वाहून जातो.

डॉक्टरांना फोन करण्याआधी फाइल हातात घ्या आणि या क्रमाने बोला: मी कोण, रुग्ण कोण, आधी काय झालंय, आता काय दिसतंय, मला काय हवंय. उदाहरणार्थ:

"सर, मेल सर्जिकलमधून सिस्टर बोलतेय. काल आतड्याचं ऑपरेशन झालेले ५८ वर्षांचे पेशंट. आता पल्स १२४, बीपी ९४/६०, श्वास २६, चार तासांत युरिन फक्त ६० मिली, पोट टणक लागतंय. आतून ब्लीडिंग असावं असं मला वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघा."

शेवटचं वाक्य गाळू नका. नवीन सिस्टर बहुतेकदा आकडे सांगून गप्प होतात आणि पलीकडून "बरं, बघत राहा" येतं. डॉक्टर आले नाहीत तर दहा मिनिटांनी पुन्हा फोन करा, मग त्यांच्या वरिष्ठांना. कोण रागावेल याचा विचार तेव्हा करायचा नाही. प्रत्येक फोनची वेळ लिहून ठेवा.

७. ऑपरेशनला पाठवताना

संमतीपत्र डॉक्टरांनी समजावून घ्यायचं असतं. आपण तपासायचं ते सही किंवा अंगठा, साक्षीदार, ऑपरेशनचं नाव आणि बाजू. डावी-उजवी बाजू संमतीपत्रावर, केस पेपरवर, एक्स-रेवर आणि त्वचेवरच्या मार्करच्या खुणेवर एकच हवी. रुग्णालाही विचारा, "कोणत्या बाजूचं ऑपरेशन आहे, हात लावून दाखवा." काही जुळलं नाही तर ट्रॉली हलवू नका.

एनबीएम म्हणजे साधारणपणे जेवण सहा तास आधी बंद, तेलकट जेवण असेल तर आठ, आणि साधं पाणी दोन तास आधी बंद. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ देतील. "उपाशी राहायचं" एवढंच सांगितलं तर नातेवाईक सकाळी चहा-बिस्किटं देतातच, कारण त्यांच्या मते चहा म्हणजे खाणं नव्हे. "चहा, दूध, बिस्किट, फळ, काहीच नाही" असं एकेक नाव घेऊन सांगा, आणि ट्रॉलीवर घेताना पुन्हा विचारा.

कवळी, बांगड्या, अंगठ्या, नेलपॉलिश, हलणारे दात बघा. मंगळसूत्र काढायला सांगताना नीट बोला. कॉटरीने (ऑपरेशनमध्ये वापरायच्या विजेच्या उपकरणाने) भाजू शकतं हे समजावलं की बहुतेक जणी तयार होतात. दागिने नातेवाइकाच्या हाती देऊन रजिस्टरमध्ये सही घ्या, आणि नोंदीत "सोन्याचे" न लिहिता "पिवळ्या धातूचे" लिहा.

८. ऑपरेशननंतर परत घेताना

ओटीतून आलेल्या रुग्णाचा ओव्हर ओटीच्या माणसाकडूनच घ्या, फक्त फायलीवरून नको. कोणती भूल, किती रक्त गेलं, ड्रेन किती आणि कुठे, शेवटचं पेनकिलर केव्हा आणि कोणतं. मग पहिला तास दर १५ मिनिटांनी, पुढे अर्ध्या तासाने, मग तासाला व्हायटल्स.

ड्रेसिंग वरून कोरडं दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. रक्त उताराने कुशीकडे जातं आणि पाठीखालच्या चादरीत मुरतं. हात पाठीखाली घालून बघा. ड्रेनच्या बाटलीवर पातळीची रेघ आणि वेळ लिहा; आधीची रेघ नसेल तर "वाढलं का" याचं उत्तर कोणाकडेच नसतं. पल्स चढत चालली आणि बीपी अजून ठीक दिसतंय, हीच सावध होण्याची वेळ.

स्पायनल भूल (पाठीच्या कण्यात) दिलेल्या रुग्णाच्या पायांना काही तास संवेदना नसते. थंडी वाजते म्हणून नातेवाईक गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवतात, आणि रुग्णाला भाजल्याचं कळतही नाही. रुग्ण वॉर्डात आल्याबरोबर हे त्यांना सांगा. पांघरूण द्या, पिशवी नको. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही तर ओटीपोट हाताने तपासा आणि कळवा.

ट्रॅमाडॉल, फेंटॅनिलसारखी औषधं दिलेला रुग्ण "शांत झोपलाय" असं म्हणण्याआधी त्याला हाक मारा आणि श्वास मोजा. १० च्या खाली असेल तर ताबडतोब मदत बोलवा.

छातीत आयसीडी (हवा किंवा द्रव बाहेर काढणारी नळी) असेल तर बाटली कायम छातीच्या पातळीखाली. एक्स-रेला नेताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवली जाते आणि बाटलीतलं पाणी उलटं जातं. म्हणून स्वतः ट्रॉलीपर्यंत जाऊन बघा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वाटेत नळी क्लॅम्प करू नका.

९. रक्त चढवताना

पिशवी, क्रॉसमॅचचा फॉर्म आणि रुग्ण हे तिन्ही दोघींनी खाटेजवळ जुळवायचे: पूर्ण नाव, आयपी नंबर, रक्तगट, पिशवीचा नंबर, मुदत. पिशवी ब्लड बँकेतून निघाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत सुरू करा आणि फ्रिजबाहेर आल्यापासून चार तासांत संपवा. उशीर होणार असेल तर अर्ध्या तासाच्या आत परत पाठवा. वॉर्डच्या फ्रिजमध्ये ठेवायची नाही. गरम पाण्यात बुडवायची नाही, नातेवाइकाच्या काखेतही द्यायची नाही. हे प्रकार अजून चालतात.

फिल्टर असलेला ब्लड सेटच वापरा. त्या लाइनमध्ये नॉर्मल सलाईनखेरीज काही नको, डेक्स्ट्रोज किंवा आरएल तर नाहीच. पहिली १५ मिनिटं वेग कमी ठेवा आणि खाटेजवळ थांबा, कारण चुकीच्या गटाची गंभीर रिअ‍ॅक्शन बहुधा सुरुवातीलाच दिसते. थंडी, ताप, कंबरेत दुखणं, छातीत दडपण, लाल लघवी, काहीही दिसलं तर रक्त बंद, नव्या सेटने नॉर्मल सलाईन सुरू, डॉक्टरांना फोन. पिशवी आणि सेट फेकू नका, ते ब्लड बँकेला परत द्यायचे असतात.

१०. हात, सुया, कचरा

हँडरब २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. ग्लोव्ह्ज घातले म्हणून हात धुणं टळत नाही, आणि एकच जोडी घालून तीन रुग्णांची ड्रेसिंग करायची नाही.

सुईला टोपण पुन्हा लावू नका. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, ब्लीच किंवा स्पिरिट ओतू नका. लगेच इनचार्ज सिस्टरना सांगा. एचआयव्हीसाठीचं पीईपी (संसर्ग टाळण्यासाठीची औषधं) शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. ड्युटी संपेपर्यंत लपवून ठेवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. लाज वाटावी असं त्यात काही नाही, आणि हातातला वेळ जातो.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्यात रक्ताने भिजलेलं ड्रेसिंग आणि शरीराचे भाग, लालमध्ये आयव्ही सेट, कॅथेटर, ग्लोव्ह्ज आणि सुई काढलेली सिरिंज, पांढऱ्या टणक डब्यात सुया आणि ब्लेड, निळ्यात काचेच्या व्हायल. पिवळ्या पिशवीत टाकलेली सुई शेवटी मावशींच्या हातात घुसते.

११. खाटेवरचा रुग्ण आणि त्याचे नातेवाईक

आपल्या वॉर्डात निम्मी सेवा नातेवाईक करतात, हे मान्य करून त्यांना शिकवा. आरटी फीड देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, आणि फीडनंतरही तासभर तशीच. पहिली काही फीड तुमच्यासमोर देऊ द्या. खोकला आला किंवा नळीवरची खूण सरकलेली दिसली तर थांबून हाक मारायची, हे त्यांच्याकडून परत वदवून घ्या. हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकणं ही नळीच्या जागेची खात्री नव्हे. ओढलेल्या द्रवाचा पीएच ५.५ किंवा कमी, नाहीतर एक्स-रे.

कूस दर दोन तासांनी बदला. माकडहाडाकडे सगळे बघतात, टाचा राहून जातात. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. रात्री पडणारे रुग्ण बहुतेक बाथरूमच्या वाटेवर पडतात. झोपेची गोळी, लघवीची गोळी किंवा बीपीची नवी गोळी सुरू झालेल्या आजी-आजोबांना झोपण्याआधी बाथरूमला नेऊन आणा आणि बेडची रेलिंग वर करा.

१२. नोंद

जे केलं ते केल्यावर लगेच, वेळेसह लिहा. आधी लिहून ठेवू नका. चूक झाली तर एक रेघ मारून सही करा. व्हाइटनर नाही, पान फाडणं नाही. "पेशंट ठीक" हे लिहिण्यात काही अर्थ नाही. "स्वतःहून बोलतोय, पल्स ८८, ड्रेसिंग कोरडं, ड्रेन २० मिली" हे कामाचं.

फोनवरची ऑर्डर खरोखर तातडी असेल तरच घ्या. लिहून घ्या, मग ती फोनवरच परत वाचून दाखवा. पंधरा आणि पन्नास ऐकताना एक होतात, तेव्हा "एक-पाच" की "पाच-शून्य" असं सुटं सुटं म्हणा. डॉक्टरांचं नाव, तारीख, वेळ आणि तुमची सही टाका. पुढच्या राउंडला डॉक्टर आले की दुसरं काही बोलण्याआधी ती फाइल उघडून त्यांची सही घ्या.